बाबांची शेमा

देव एकच आहे, हे आम्हा बेने इस्राएली घरांत पोरवयातच शिकवतात. त्याच्यावर रोज प्रेम करायचं असतं, हे मात्र मी नोकरीच्या रगाड्यात सोडून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं उत्तर ठरलेलं होतं: नागपुरात प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष जमत नाहीत, मग एकट्यानं म्हणून काय उपयोग? बाबा म्हणायचे, "अरे, दहाजण काही प्रार्थनांनाच लागतात. शेमा एकट्यानंही म्हणायची असते." उजवा हात डोळ्यांवर ठेवून, देव एक आहे आणि त्याच्यावर सगळ्या जिवानं प्रेम करीन, असं सकाळ-संध्याकाळ म्हणायचं, ती शेमा. रेल्वेच्या नोकरीतही त्यांनी ती चुकवली नाही.

पुढे पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला, शब्द अर्ध्यात तुटू लागले. मी बुटीबोरीला कामावर निघालो की ते माझ्याकडे बघत तो हात उचलायची धडपड करायचे. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. दोन मिनिटांचं काम. "रविवारी नीट बसून म्हणू, बाबा," म्हणत मी कंपनीची बस गाठायचो, आणि रविवारी उशिरापर्यंत झोपायचो. असे आठ महिने गेले.

एका सकाळी मोबाइल विसरला म्हणून परतलो. बाबांना सांभाळायला येणाऱ्या सक्करदऱ्याच्या वनिताताई त्यांचा हात त्यांच्याच डोळ्यांवर धरून एकेक हिब्रू शब्द सांगत होत्या आणि बाबा मागून म्हणत होते. मला पाहून ताई ओशाळल्या. "तुमी गेले का बाबा रडते, भाऊ. प्रार्थनेच्या पुस्तकात मराठी अक्षरात हाय, वाचू वाचू मले पाठ झालं." तो हात मी धरायला हवा होता. लाज वाटली. मी मोबाइल उचलला आणि निघालो.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा गेले, शेमा म्हणता म्हणता. हात वनिताताईंनी धरला होता. मी बसमध्ये होतो. देवानं माझ्या रविवारची वाट पाहिली नाही, बाबांसाठी माणूस धाडलं, याचे उपकार मी जन्मभर मानीन. आपण नाही केलं तरी त्याचं अडत नाही. वाया जातो तो आपला वाटा.

सुतकाच्या पहिल्या सकाळी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीलाच अडखळलो. मागे वनिताताई उभ्या होत्या. पुस्तकाकडे न बघता त्यांनी पुढचा शब्द सांगितला.

"म्हणा, भाऊ. माह्या मांगं म्हणा."