रेशीम, नायलॉन आणि नजर

लातूरच्या आमच्या डोळ्यांच्या वॉर्डात मी मोतीबिंदूची ऑपरेशनं करायचो, सलमा सिस्टर पट्ट्या करायच्या. दोघंही रिटायर झालो, तरी भेटलो की विषय टाक्यांचाच. हसायला म्हणून बसतो आणि चहा गार होऊन जातो.

*

सुरुवातीला आम्ही रेशमाचा टाका घालायचो. अर्धापूरच्या एका केळीवाल्याची सून गावभर सांगत सुटली, "मामांच्या डोळ्यात रेशीम हाय, रेशीम!"

ते रेशीम कुसळासारखं टोचायचं. मामांनी डोळा चोळला, टाका सुटला, जखम उघडली. डोळा गेला.

सून एवढंच म्हणाली, "साधा सुती घातला असता तर?"

*

मग नायलॉन आला. केसाहून बारीक, टोचत नाही. पण जास्त ताणला गेला की बुबुळ ओढलं जातं, दिसणं बिघडतं. म्हणून सिस्टर प्रत्येकाला बजावायच्या, "टाका कापायला परत या!"

धर्माबादच्या एक आजी आल्याच नाहीत. पुढं बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "टाका उसवला अन् नजर सांडली तर?"

दुसरा डोळा त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दाखवला नाही.

*

क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा गणिताचे एक सर आले. ऑपरेशन दुसरीकडं झालेलं, टाका घट्ट. आडवी रेघ स्पष्ट, उभी पुसट! अधिकचं चिन्ह त्यांना वजाचं दिसायचं. भर वर्गात गणित चुकलं, पोरं हसली.

टाका कापला, नजर सुधारली. सिस्टरनी विचारलं, "आता फळ्यावरचं दिसतंय ना, सर?"

"दिसतंय की! पण फळा दुसऱ्याला दिला."

*

भूकंपाच्या वर्षातली गोष्ट. औशाकडच्या गोदाबाईंचं ऑपरेशन मीच केलेलं. टाका कापायचा राहिला आणि घर कोसळलं. चिता पेटवण्याआधी गावकऱ्यांनी त्यांना एक प्रेत दाखवलं.

"हे आमचे न्हाईत," त्या म्हणाल्या.

मुलगा पुण्याहून पोचला तोवर चिता विझल्या होत्या. तो बापाचा फोटो घेऊन दवाखाने पालथे घालू लागला. कुठंच पत्ता लागेना, तेव्हा आईलाच माझ्यापुढं आणून बसवलं. "साहेब, टाका कापा. हिला नीट दिसलं तर अण्णा सापडतील."

कापला. पट्टी निघाल्यावर चष्मा लावून गोदाबाईंनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक चिन्हंसुद्धा बरोबर सांगितली. मुलगा हरखला.

"चल आई, जखमींच्या वॉर्डात जाऊ. आता तू अण्णांला वळखशील!"

गोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तवाबी वळखलं होतं, लेकरा."