कोरड्या हातांची सही

ओव्हन बनवणाऱ्या त्या कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाला मालकाचं नाव आठवडाभर कळलं नाही तरी चालायचं, पण सहीबाई कोण हे पहिल्याच दिवशी कळायचं. तिच्या सहीशिवाय एकही नवं मॉडेल दाराबाहेर पडत नसे. इंजिनिअर चित्रं काढोत, साहेब लोक टाळ्या वाजवोत, ओव्हन शेवटी तिच्या चाचणीखोलीत यायचा, तीन आठवडे तिथं तापायचा, आणि मग एका पिवळ्या फॉर्मच्या तळाशी ती सही करायची. सव्वीस वर्षांत केलेली एकही सही तिने मागे घेतली नव्हती. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. बाकीचे होतेच सांगायला.

तिची परीक्षा साधी होती. एका ट्रेवर पाच ओळींत पाच-पाच अशी पंचवीस बिस्किटं, सगळी एका जाडीची. ओव्हनवरचा आकडा खोटं बोलतो, बिस्किट बोलत नाही. कोपऱ्यातलं काळं आणि मधलं पांढरं निघालं, की आत उष्णता कुठं रेंगाळते आणि कुठं दांडी मारते ते तिला चष्मा न लावता दिसायचं.

तिची दुसरी खूण म्हणजे कमरेला खोचलेला नॅपकिन. लहानपणी ओल्या हाताने बटण दाबलं तेव्हा असा झटका बसला होता, की तिची दातखीळच बसली होती. तेव्हापासून कुठल्याही बटणाला हात लावायच्या आधी तिचा हात नॅपकिनकडे जायचा. ते तिच्या लक्षातही येत नसे.

घरी मात्र या नॅपकिनवरून वीस वर्षं कुरबूर चालू होती. घरातला स्वयंपाक तिच्या थोरल्या नणंदेच्या हातात होता, आणि हे हात कायम कशाने तरी भरलेले असत. फ्रिजच्या मुठीला पीठ, दिव्याच्या बटणावर तेलाचं बोट, नळाला कणीक.

"अहो वन्सं, आधी हात तरी पुसा," सहीबाई म्हणायची.

"अगं वहिनी, पुसून पुन्हा भरणारच आहेत. मग पुसायचे कशाला?"

सहीबाई मग स्वतःच फ्रिजची मूठ पुसून घ्यायची. नवरा दोघींच्या मध्ये कधी पडला नाही, आणि त्यामुळेच तो सुखी होता.

तर त्या वर्षी गुळगुळीत साहेबांचं मॉडेल आलं. डिझाइन खात्याच्या या साहेबांना कुठलीही वस्तू गुळगुळीत दिसली की आनंद व्हायचा, म्हणून पाठीमागे हे नाव. त्यांनी ओव्हनच्या तोंडावरच्या सगळ्या गोल मुठी उपटून टाकल्या होत्या. समोर फक्त काळी काच. बोट टेकलं की तिच्यावर सोळा चित्रं उजळायची. पंखा, रेघा, ठिपके, पंख्याखाली रेघा, रेघांखाली ठिपके. यातलं केक भाजायचं कुठलं आणि नुसता दिवा लावायचं कुठलं, हे समजायला जन्म पुरला नसता. सहीबाईला ते यंत्र बघताक्षणी आवडलं नाही, आणि मनातलं तोंडावर आणायची तिला जुनी सवय होती.

"ग्रिल कुठंय?"

"वर छतात लपवलंय. दिसतच नाही, हेच तर सौंदर्य आहे."

"पाव भाजताना सौंदर्य घेऊन काय करू? मला पाव दिसायला हवा."

"दार लावून भाजायचं, बाई. काचेतून दिसतो की."

"काचेवर वाफ धरल्यावर?"

साहेबांनी काचेवरचा तिच्या बोटाचा ठसा रुमालाने पुसला.

"आणि वीज जाऊन आली तर?"

"आधी घड्याळ लावायचं. त्याशिवाय तो चालू होत नाही."

"म्हणजे भूक लागलेल्या माणसाने आधी किती वाजले ते सांगायचं," सहीबाई म्हणाली, आणि ट्रे भरायला घेतला.

पण पंचवीस बिस्किटं बाहेर आली तेव्हा तिला चष्मा लावावा लागला. कोपऱ्यातलं आणि मधलं यात तिळाएवढा फरक नव्हता. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा केली, पुन्हा तेच. तीन आठवड्यांत तिने त्या काचेवर शेकडो वेळा बोट टेकलं आणि काचेने एकदाही नाही म्हटलं नाही. रागाने फॉर्म भरणारी बाई ती नव्हती. नावडलेलं सगळं तिने मागच्या पानावर लिहिलं, पुढच्या पानावर 'हाताळणी' या शब्दासमोर 'योग्य' असं लिहिलं, आणि सही केली. ओव्हन तयार होऊन गोदामात खोक्यांच्या थप्प्या लागू लागल्या, आणि रीतीप्रमाणे एक तिच्या घरी वापरायला आला.

दुसऱ्याच रविवारी, भर दुपारी, ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना आतून नणंदेची हाक आली.

"वहिनी! ये लवकर! तुझं हे यंत्र माझं ऐकत नाही!"

सहीबाई धावली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. नणंदेने चीज लावलेला पाव ग्रिलखाली ठेवला होता आणि वेळ फुकट जाऊ नये म्हणून बाजूला पीठ मळायला घेतलं होतं. वास आल्यावर तिने त्याच हाताने ग्रिल बंद करायला काचेवर बोट टेकलं. काच तीनदा टुंटुं वाजली आणि तिच्यावर कुलपाचं चित्र उमटलं. तिने पुन्हा दाबलं, पदराने पुसलं, पाणी लावून पुसलं. कुलूप काही हलेना. बंद करायचं चित्रही त्याच काचेवर, त्याच कुलपाआड. आत ग्रिल लालबुंद आणि पावाच्या कडेला चक्क ज्योत. घाबरून तिने दार उघडून ट्रे ओढायला हात घातला, तेव्हा बोटं भाजली.

सहीबाईने आधी तिला मागे ओढलं, मग कपाटामागे हात घालून प्लग उपटला. नणंदेची बोटं नळाखाली धरली. दोन बोटांवर फोड येत होते. वीस वर्षं जिच्याशी भांडत आलो तिच्यावर आपला इतका जीव आहे, हे तिला असं कळायला नको होतं.

"तू कशी चालवतेस गं हे?" नणंदेने विचारलं. "मलाच जमत नाही की काय?"

"थांबा."

तिने काच कोरडी केली, प्लग लावला, सवयीने हात पुसला, आधी घड्याळ लावलं आणि मग ग्रिलच्या चित्रावर बोट टेकलं. यंत्र निमूट चालू झालं, निमूट बंद झालं. मग तिने हातातल्या नॅपकिनकडे पाहिलं. तो बाजूला ठेवला, हात नळाखाली भिजवला, पिठात बुडवला आणि बोट टेकलं.

टुंटुंटुं. कुलूप.

ती खुर्चीवर बसली. गोल मुठींना ओल्या-कोरड्याशी देणंघेणं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तिचा नॅपकिन कुणाला नडला नाही. या काचेला मात्र तोच हवा होता. आणि तिने शेकडो वेळा, दर वेळी हात पुसून, या काचेचं ऐब स्वतःच झाकलं होतं. तिला लाज वाटली.

"मग लिहा की तुम्ही लोक ओव्हनबरोबरच्या पुस्तिकेत, हात पुसून वापरा म्हणून," नवरा दारातून म्हणाला. वीस वर्षांत तो पहिल्यांदा मध्ये पडला होता.

नणंद बोटं नळाखाली धरूनच वळली. "ही मला वीस वर्षं तेच सांगतेय. मी पुसले का कधी?"

सोमवारी सकाळी सहीबाईने कारकुनाकडून तो पिवळा फॉर्म परत मागवला आणि मालकाच्या खोलीत गेली. गुळगुळीत साहेब तिथंच होते. तिने झालेलं सगळं सांगितलं आणि लाल पेनाने स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली.

"बाई, गोदाम भरलंय," मालक म्हणाले. "सही मागे घेतली तर चूक तुमची ठरेल, एवढं लक्षात घ्या."

"ठरेल कशाला? माझीच आहे." आणि रेघेखाली तिने लिहिलं, 'परीक्षा घेणाऱ्या बाईचे हात दर वेळी कोरडे होते.'

साहेबांनी ते वाचलं. "पुस्तिकेत एक ओळ वाढवू. हात पुसून मगच वापरा."

"माझ्या घरात ती ओळ वीस वर्षं छापलेली आहे, साहेब. काल तिथं दोन बोटं भाजली. तुमची पुस्तिका तर कुणी उघडणारही नाही."

मालक कुणाच्या सांगण्यावरून निवाडा देणाऱ्यातले नव्हते. ते उठून चाचणीखोलीत आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "आणा पीठ." आयुष्यात पहिल्यांदा ते पीठ मळत होते, आणि ते दिसत होतं. सहीबाईने ग्रिल लावलं, खाली पाव ठेवला. वास सुटल्यावर ती म्हणाली, "करा बंद."

मालकांनी बोट टेकलं. टुंटुंटुं. पुन्हा टेकलं. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हात स्वतःच्या भारी पँटला पुसला आणि पुन्हा टेकलं. ओली काच ढिम्म. धूर यायला लागला.

"प्लग कुठंय?" ते ओरडले.

सहीबाईने प्लग काढला. गोदामातला एकही ओव्हन दाराबाहेर गेला नाही.

चार महिन्यांनी तेच मॉडेल परत आलं. काच होती, पण तिच्याखाली दोन गोल मुठी होत्या, आणि बंद करायची मूठ सर्वांत मोठी. गुळगुळीत साहेबांनी तिच्या कडेला बारीक खाचा पाडल्या होत्या, भरलेलं बोट घसरू नये म्हणून. आपल्या हाताने खरखरीत काहीतरी करायला त्यांना किती जड गेलं असेल, याची सहीबाईला कल्पना होती. "साहेब, मूठ झकास झालीय," ती म्हणाली. साहेब लाजले.

नॅपकिन तिने खोलीबाहेरच्या खिळ्याला अडकवला आणि आत येऊन कोपरापर्यंत हात पिठात घातले. पहिले काही दिवस हात आपसूक कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तिला अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं. तरी तीन आठवडे तिने त्याच हातांनी मूठ फिरवली, ग्रिल लावलं, बंद केलं. मूठ एकदाही हटून बसली नाही. शेवटच्या दिवशी पंचवीस बिस्किटं बाहेर काढून तिने कारकुनाला हाक मारली.

त्याने पिवळा फॉर्म पुढे ठेवला, तिने पेन उचललं, आणि तो घाईघाईने म्हणाला, "अहो बाई, आधी हात तरी पुसा! फॉर्मला डाग पडेल."

"पडू दे," सहीबाई म्हणाली, आणि भरल्या हाताने तिने सही केली.