अण्णा आणि ‘मिसलेनियस’

अण्णांना भंगारात मी घातलं. (अण्णा म्हणजे माझे वडील. ते महिनाभरापूर्वीच गेले होते, नाहीतर त्यांनीच मला घातलं असतं!)

उमेदीत अण्णा मेंढरं राखायचे. त्यांची खोली आवरताना कपडे, कागद वेगळे काढले. उरलेलं मात्र कशातच बसेना! लोकर कातरायची कातर, मेंढीच्या गळ्यातली घंटा, एका काचेचा चष्मा, अडकित्ता, कानाचं मशीन. सगळं एका खोक्यात कोंबलं आणि वर ऐटीत इंग्रजीत लिहिलं, ‘मिसलेनियस’. हायस्कूलचा इंग्रजीचा मास्तर ना मी!

“अहो, म्हंजी काय?” बायकोनं विचारलं.

नेमका शब्द सुचेना. “किरकोळ,” असं म्हणून मी शाळेला पळालो.

संध्याकाळी डिंगोऱ्याहून धाकटी बहीण आली. “दादा, मला अण्णांची घंटा तेवढी दे.”

खोकं जागेवर नाही!

“भंगारवाल्याला दिलं की,” बायको म्हणाली. “तुमीच म्हनला, किरकोळ हाय!”

मी एक चप्पल माझी, एक बायकोची घालून मोटारसायकल काढली. वारूळवाडीचं भंगाराचं दुकान येईपर्यंत बहीण मागं बसून माझ्याच शर्टाला डोळे पुसत होती.

खोकं सापडलं. रिकामं! भंगारवाल्यानं माल निवडून टाकला होता. लोखंड इकडं, पितळ तिकडं, प्लॅस्टिक पलीकडं. आमचे अण्णा दुकानभर वाटले गेले होते.

“काय काय व्हतं, मास्तर?”

“कातर... अडकित्ता... कानाचं मशीन. ते बंदच होतं. अण्णा रोज म्हणायचे, सेल आण. मी रोज म्हणायचो, उद्या आणतो...”

भर दुकानात मी ढसाढसा रडलो.

“सोनं व्हतं का वो त्यात?” एका गिऱ्हाइकानं हळूच विचारलं.

“गप रं!” भंगारवाला त्याच्यावर खेकसला. मला पालथ्या डब्यावर बसवून त्यानं पाणी दिलं आणि स्वतः ढिगात उतरला. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर. बहिणीला घंटा मिळाली. तिनं ती वाजवली नाही, नुसती पदरात धरून बसली. एकेक करत सगळं मिळालं. कानाचं मशीन तेवढं मिळालं नाही.

निघताना भंगारवाल्यानं खोकं माझ्या हातात दिलं. “मास्तर, यावर लिवलंय त्येचा अर्थ काय वो?”

“ठाऊक नाही भाऊ,” मी म्हणालो. “मी फक्त वीस वर्षं शिकवतोय.”