विहिरीवरचा बल्ब

ताप गेला आणि जाताना माझी झोप घेऊन गेला. चिकनगुनिया झाला होता. इंदापूरचे डॉक्टर म्हणाले, व्हायरलनंतर होतं असं, धीर धरा. धीर धरायला माझी ना नव्हती, पण तो रात्रभर एकटीनं धरायचा होता. नवरा बारामती एमआयडीसीतून मोटारसायकलवर दमून यायचा आणि उशीला डोकं टेकलं की घोरायला लागायचा. त्याचा मला भयंकर राग यायचा. गुडघे दुखतात का, हे सगळे विचारायचे. झोपेचं कुणीच नाही. झोप लागत नाही हा आमच्याकडे आजार धरत नाहीत, काम नसलेल्या बाईचं खूळ समजतात.

निरवांगीच्या बाहेर चार घरांची आमची वस्ती. त्या दिवसांत शेतीची लाईट रात्रीची असायची, पण कधी येईल याचा नेम नसायचा. आली की आमच्या विहिरीवरचा बल्ब लागायचा आणि तो मला खाटेवरून दिसायचा. उसाला पाणी द्यायचं म्हणून प्रत्येक घरातलं कुणीतरी सारखं उठून बघायचं. शेजारीण एकदा गमतीनं म्हणाली, "तू जागीच असतीस, तर आमाला फोन तरी करत जा."

मी ते मनावर घेतलं. बल्ब लागला की नवऱ्याला कोपरानं ढोसायचं आणि तीन घरी फोन करायचे. "लाईट आलीय." तिकडून जांभई, मग "बरं." एवढंच. पण एवढ्यासाठी मी खिडकीकडे डोळे लावून पडायची. एक तात्या तेवढे जास्त बोलायचे. काकू गेल्यापासून ते पलीकडच्या घरात एकटेच राहत. पहिल्या रिंगलाच फोन उचलायचे आणि विचारायचे, "अंग कसं हाय आता?" मग मीही दोन वाक्यं जास्त बोलून घ्यायची.

आणि एका रात्री मला झोप लागली. बल्ब कधी लागला कळलंसुद्धा नाही. सकाळी सगळ्यांना आनंद, बरी झालीस म्हणून. मला मात्र भाकरी थापताना रडू आलं. आता मला फोन कोण करू देणार?

त्या रात्री मी मोबाईलवर तासातासाचे गजर लावले आणि तो उशीखाली ठेवला. उठायचं, विहिरीकडे बघायचं, परत आडवं व्हायचं. जिच्यासाठी देव पाण्यात घातले होते, ती झोप आता मीच मोडत होते. नवरा म्हणाला, "येड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "तुमी घोरा."

थोडे दिवस हे चाललं. मग एकदा फोनवर तात्या म्हणाले, "पोरी, तू झोपंतनं उठून बोलतीयास. गजर लावतीस व्हय?"

मी हो म्हटलं.

"झोप आता. फोन मी करीन समद्यास्नी."

मी गजर बंद केले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी अंगणात धुणं वाळत घालताना माझ्या ध्यानात आलं. मी करीन म्हणाले, म्हणजे तात्या जागे असणार. पहिल्या रिंगला फोन उचलणारा माणूस झोपेत कसा असेल? त्यांना माझ्या फोनची गरजच नव्हती. तरी ते रोज वाट बघायचे, आणि मला झोप मिळावी म्हणून तो फोनही त्यांनी सोडून दिला.

हातातलं लुगडं तसंच दोरीवर टाकून मी फोन लावला. भरदुपारी.

"काय गं? लाईट आली?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय तात्या. तुमाला रात्री झोप लागती का, ते इचारायचं हुतं."



"तुजी काकू गेल्यापासनं न्हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "तू जेवलीस का?"