साडूंचा वाढता संगणक

माझ्या साडूंइतका वस्तूवर विश्वास ठेवणारा आणि वस्तू विकणाऱ्यावर अविश्वास दाखवणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. मी हिशेबतपासनीस आहे, मोघम विधानं करायची मला सवय नाही. पण एवढ्यावर मी सही करून द्यायला तयार आहे. विक्रेत्यावर त्यांनी आयुष्यात एकदाच विश्वास ठेवला. नव्वदच्या दशकात ते न्हावा शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एका एजंटच्या कचेरीत लागले आणि नेरूळच्या घरात संगणक आला. गुडघ्याच्या वर येणारा, उभा, पत्र्याचा टॉवर. "हा पुढे वाढवता येतो," असं दुकानदार म्हणाला. तो बिचारा हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असणार. साडूंनी मात्र ते सप्तपदीतल्या वचनासारखं धरून ठेवलं.

टॉवरच्या पोटात नवे भाग बसवायला रिकामे खाने होते. साडू ते भरत गेले. यंदा मेमरी, पुढच्या वर्षी मोठी डिस्क, मग सीडीचा ड्राइव्ह. एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं, कारण 'सारखे स्क्रू कोण काढणार?' त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, शेजारी बसून हे बघत मोठी झाली. तिला बेचा पाढा यायच्या आधी आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट हे मेमरीचे आकडे पाठ होते. शाळेत बाईंनी सोळानंतर काय येतं विचारलं, तर ही छातीठोकपणे 'बत्तीस' म्हणाली. साडूंना शाळेत बोलावणं आलं. "पोरीचं चुकलं कुठं?" असं बाईंनाच विचारून ते परत आले.

होता होता आतली प्रत्येक वस्तू बदलली आणि मूळचं फक्त पत्र्याचं खोकं उरलं. मी एकदा म्हटलं, "मग हा जुना कसा? हिशेबानं हा नवाच संगणक झाला."

"आवं साडूभाऊ, तुमचे केस गेले, वरचे दात नवे बसवले. मग माझ्या मेहुणीनं काय नवा नवरा केला का?"

ते मूळचे साताऱ्याकडचे. मुद्दा सापडला की त्यांच्या बोलण्यात सातारा येतो.

'पुढं लागेल' हा नियम त्यांनी संगणकापुरता ठेवला नाही. पँट शिवताना आत एवढी माया सोडायला लावत की तेवढ्यात एखाद्या लहान मुलाची चड्डी झाली असती. घराचं वायरिंग केलं तेव्हा प्रत्येक भिंतीवर प्लगचा बोर्ड बसवला, अगदी देव्हाऱ्यामागेसुद्धा. "देवाला कशाला हो प्लग?" मी विचारलं. "पुढं लागेल." आणि लागला! लुकलुकणाऱ्या माळा आल्या तेव्हा सगळ्या सोसायटीत देवाजवळ वायर ओढावी न लागलेले ते एकटेच. माझ्या बायकोनं नवा फोन दाखवला, तर चष्मा कपाळावर चढवून ते त्याचे स्क्रू शोधू लागले.

"उघडायचा कुठनं?"

"उघडत नाही दाजी. बंदच असतो."

त्यांनी तो दोन बोटांनी परत दिला. "मग हा तुझा न्हाई. तुला नुसता वापरायला दिलाय."

खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, तसा त्यांच्याकडे टॉवर पुजला जाई. सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवायची, ब्रशनं कोपरे झाडायचे, मग हळदकुंकू आणि झेंडू. उडालेली धूळ समोरच्या ताटातल्या पुरणपोळीवर बसे, त्यावरून अक्कांचं आणि त्यांचं भांडण होई. तेही दरवर्षी, पूजेचाच भाग असल्यासारखं.

अक्का म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. नेरूळचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाचीनं बंदराजवळच्या द्रोणागिरीत आपल्या इमारतीतच त्यांच्यासाठी छोटं घर शोधलं. सगळं ठरलं, अडलं ते टॉवरवर. मला पंच म्हणून बोलावण्यात आलं.

"पप्पा, मी टेपनं मोजलंय. तो डबा तिथे बसत नाही."

"डबा म्हणू नको. तुझं इंजिनिअरिंग त्याच्यावर झालंय."

"तो येणार असेल तर मी इथंच राहते," अक्का म्हणाल्या.

"राहा की. भाजी दोरीनं वर घेऊ."

"ऐकलंत ना, पाव्हणं? असा संसार केलाय मी!"

"अगं, अजून दोन खाने रिकामे आहेत त्यात," साडू मुलीला म्हणाले.

भाचीनं टेप गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, त्या खान्यांत बसेल असं आता कुणी काही बनवतच नाही."

माझ्याकडे साडूंच्या बाजूनं दोन मुद्दे तयार होते, पण ते काढायची वेळच आली नाही. साडू "बरं" म्हणाले आणि चहा प्यायले.

सामान हलवायच्या दिवशी टॉवर त्यांनी स्वतःच खाली आणला आणि भंगारवाल्यासाठी गेटजवळ ठेवला. अक्का टेम्पोत पुढे बसल्या होत्या. हमाल एकेक वस्तू दाखवत होते.

"वायरींची पिशवी?" अक्कांनी विचारलं.

"राहू दे," साडू म्हणाले.

"तुमची स्क्रूची बरणी?"

"नको."

"अहो, त्या माया सोडलेल्या पँटी तरी घ्यायच्या का?"

"काय करायच्यात आता?"

अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग हमालांना म्हणाल्या, "माझी शिवणाची मशीन उतरवा. तिच्या जागी तो डबा चढवा."

"आई, तुझी मशीन!" भाची म्हणाली.

"मला आता पायडल मारवत नाही. पाव्हणं नेतील ती." मग माझ्याकडे वाकून, साडूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाल्या, "ह्यांनीच पुढं लागेल म्हणायचं सोडलं, मग आमचं पुढं उरलं काय?"

शिवणाची मशीन आमच्याकडे आली. टॉवर द्रोणागिरीला खिडकीखाली उभा आहे. भाचीनं मोजलं होतं ते बरोबरच होतं, त्यामुळे खिडकीचं एक दार पूर्ण उघडत नाही. साडू दुपारी त्याच्या पडद्यावर एकट्यानं पत्त्यांचा डाव मांडतात. बाहेर रस्त्यावरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जात असतात, त्या घरघरीत संगणक चालू आहे की बंद हे कळत नाही. मागच्या रविवारी मी पाहिलं, अक्का भिंत धरत धरत तिथून जाताना टॉवरच्या माथ्यावर तळहात ठेवून क्षणभर थांबल्या. पत्रा गरम लागला असावा, म्हणजे आत संगणक चालू होता. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या.