सासुरवाडीतला शंभर टक्के होकार

माझ्या मुलीची कंपनी मी एका रविवारात बुडवत आणली, आणि तीही दोन्ही वेळचं व्यवस्थित जेवून.

हे मी कुठेतरी कबूल करायला हवं होतं. बायकोजवळ कबूल करायला गेलो, तर ती म्हणाली, "मले काय सांगता? मी तिथंच होती ना!" म्हणून आता इथे लिहितो.

मी देऊळगाव राजाला हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. मुलगी ऋतुजा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. ती एक दिवस नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी ॲप काढतेय." कल्पना सोपी होती. शेतकऱ्याला सोयाबीनच्या मळणीसाठी थ्रेशर हवं असतं, थ्रेशरवाल्याला काम हवं असतं. दोघांची गाठ मोबाइलवर घालून द्यायची. शेजारी म्हणाले, "पोरगी पुन्याहून मळनी करायले आली!" मी मात्र त्याच दिवसापासून मोबाइलवर स्टार्टअपचे व्हिडिओ पाहायला लागलो. आठ दिवसांत इतका तयार झालो, की भाजीवाल्याला विचारलं, "तुझा ग्राहक नेमका कोण, याचा विचार केलास का?" (तो म्हणाला, "तुम्हीच हा ना सर. घ्या लवकर, मागं लोक उभे हायेत.")

सगळे व्हिडिओ एकच सांगत होते : आधी ग्राहकाला विचारा. हे काम मी मागून घेतलं. ऋतुजाने मला समोर बसवून तीन सूचना दिल्या.

"बाबा, एक. ओळखीच्या माणसांना विचारायचं नाही. दोन. 'ॲप वापराल का?' असं विचारायचं नाही, 'गेल्या वर्षी मळणी कशी केली?' असं विचारायचं. तीन. तुम्ही कमी बोलायचं."

तिन्ही सूचना मी नव्या वहीच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिल्या, खाली रेघ मारली, आणि रविवारी सकाळी बायकोला मोटरसायकलवर बसवून थेट सुलतानपूरला गेलो. सुलतानपूर ही माझी सासुरवाडी.

आमच्याकडे सासुरवाडीत जावयाला 'नाही' म्हणत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी गमतीत म्हटलं होतं, की आमच्याकडचे बैल उडतात. त्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, गंभीरपणे म्हणाले होते, "उडत असतीन जवाईबापू. तिकडचं पानीच वेगळं हाय." अशा गावात मी बाजारपेठेचा अभ्यास करायला निघालो होतो!

पहिलंच घर दादारावांचं.

"दादाराव, मळणीचं मशीन मोबाइलवर बोलावता आलं, तर बोलवाल का?"

"हाव, काऊन नाही!"

"किती वेळा?"

"तुम्ही म्हनान तितक्या खेपा. आधी पोहे घ्या."

पुढच्या घरी हेच, फक्त पोह्यांऐवजी भजी. त्याच्या पुढे नारायणचं दुकान. नारायण दाढी-कटिंग करतो. त्याने वस्तरा बाजूला ठेवून हात जोडले, "जवाईबापू, पयलं मशीन आपलंच!" (त्याला शेत आहे का, हे विचारायचं राहून गेलं.) संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं झाली, वहीत एका घराला एक पान. एकोणीस होकार, शिवाय सात टॉवेल-टोप्या! असा प्रतिसाद त्या व्हिडिओतल्या कुणालाही कधी मिळाला नसेल.

विसावं घर गावाच्या टोकाला, गयाबाईचं. सत्तरीची बाई, एक एकर शेत, आणि जीभ कुठल्याच जावयाला न जुमानणारी. मी तोच प्रश्न विचारला.

"नाही बा," ती म्हणाली.

मी पेन हातात धरून तसाच उभा राहिलो. "का?"

"एका एकराले मशीन कोन आनते? मोठ्याइचं झाल्यावर माह्या नंबर. तवरोक ढिगावर पानी पडते न् कोंब फुटतात. हे समजते का तुमच्या मोबाइलले?"

गणितात एखादं आकडेवारी बिघडवणारं उत्तर येतं. त्याला अपवाद समजून बाजूला ठेवतात. मी ते पान फाडलं. एवढंच नाही (कबूल करायचंच तर पूर्ण करतो), त्या पानाला भज्यांचे हात पुसले.

घरी येऊन मी वही टेबलावर आपटली. "शंभर टक्के!"

ऋतुजाने डोळे बारीक केले. "अनोळखी माणसं होती ना, बाबा?"

"दोघं-तिघं तर मला अजिबात ओळखत नव्हते." (खरं होतं. त्यातलं एक पाळण्यात होतं.)

पोरीने बापावर विश्वास ठेवला. पहिलं गाव सुलतानपूर ठरलं. शेजारच्या बीबी गावातल्या वानखेडे भाऊंना तिने गळ घातली; आसपासचे थ्रेशरवाले त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, गुरुवारी नऊ मशीन घेऊन येतो. पन एक सांगून ठेवतो. पयली खेप रिकामी गेली, तं पुन्हा आमच्यापैकी कोनी तुमचा फोन उचलनार नाही." थ्रेशरवाले नाहीत तर ॲप नाही, आणि ॲप नाही तर पोरगी परत पुण्याला. सगळं त्या एका खेपेवर होतं.

आणि बुकिंग येईना! चार दिवस झाले, आकडा शून्य. ऋतुजाचं जेवण कमी झालं. मला ते पाहवेना, म्हणून मी अंगणात जाऊन गुपचूप मामाजींना फोन लावला.

"मामाजी, गावाले जरा गुरुवारचं बटन दाबायले सांगता का?"

"बस, एवढंच? चिंताच करू नोका!"

संध्याकाळपर्यंत एकतीस बुकिंग! ऋतुजा नाचली. कंबर विसरून मीही नाचलो.

गुरुवारी आम्ही सुलतानपुरात शिरलो, तर शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत नऊ थ्रेशर रांगेत उभी, आणि त्यांच्यापुढे डफडं वाजतंय! पारावर मंडप होता. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. वानखेडे भाऊ ट्रॅक्टरवरून उतरले, त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर सोयाबीन न कापलेलं, शेतात उभंच्या उभं डोलत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "सोंगलेलं कुठी हाय?"

मी मामाजींकडे धावलो.

"सोंगनी?" मामाजी म्हणाले. "त्याले आनखी आठ-पंधरा दिवस हायेत."

"मग बटन काऊन दाबलं?"

"तुम्हीच तं सांगतलं! आमाले वाटलं उद्घाटन हाय. जवायाच्या कार्यक्रमाले गर्दी कमी पडू द्याव का?"

नारायण पुढे झाला. "मी तं दोनदा दाबलं जवाईबापू."

"अरे, तुला शेत आहे का?"

"शेत कायचं? पन तुमचा मान हाय ना!"

वानखेडे भाऊंनी मागे वळून हात केला. "फिरवा रे मशीन!"

ऋतुजा माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, वही."

मी दिली. आता, मला वहीच्या पानांवर आकडे घालायची सवय आहे. तीस वर्षं पोरांना ती लावली. तिने पानं उलटली आणि थांबली. "एकोणीसनंतर एकवीस? वीस कुठंय?"

सगळी सासुरवाडी बघत होती. "फाडलं," मी म्हणालो. "ती 'नाही' म्हणाली होती."

"कोण ती?"

मी तिला गावाच्या टोकाला नेलं. गयाबाईच्या अंगणाशेजारी ताडपत्रीखाली सोंगलेल्या सोयाबीनचा ढीग होता! कापणी झालेलं पीक त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं ते तिथेच.

ऋतुजा खाली बसली. "आजी, गेल्या वर्षी मळणी कशी केली?"

"बडवून. मी अन् सून, काठीनं. लोकाइची सोंगनी सुरू झाली का मले मजुरीले जा लागते, म्हनून लवकर येनारं पेरते न् आपलं आधी सोंगून ठेवते. पन मशीन येते मोठ्याइच्या टायमाले."

परत निघालेले वानखेडे भाऊ ढीग पाहून मागे येऊन उभे होते. "अशा किती बाया हायेत इथं?"

"असतीन बारा-तेरा. बीबीतही हायेत, तुमच्याच गल्लीत. तुमाले दिसल्या नसतीन."

वानखेडे भाऊंनी ताडपत्री उचलून ढीग चाचपला. मग म्हणाले, "हे आठ दिवस आमचे मशीन रिकामेच उभे राह्यतात," आणि ट्रॅक्टर सुरू करायला गेले.

एक एकर सोयाबीन, आणि मळायला नऊ थ्रेशर! एक चाललं, आठ बघत राहिली. चहा उकळेपर्यंत गयाबाईचं पोतं भरायला लागलंसुद्धा. मग ती स्वतःच पुढे चालत बाकीची घरं दाखवत गेली, आणि दुपारपर्यंत नऊच्या नऊ मशीनना काम लागलं. डफडेवाला शेवटपर्यंत वाजवत होता. त्याला कुणी थांब म्हणालंच नाही. मी भुशाने पांढरा झालो होतो. बायकोने तोंड पुसायला टॉवेल दिला. त्या सातांतलाच.

आज ऋतुजाचं ॲप लहान ढिगांपासून सुरू होतं. मोठ्यांचा नंबर नंतर. वानखेडे भाऊ पहिल्या रिंगला फोन उचलतात. मला कंपनीत एकच काम आहे : फक्त नकार गोळा करायचे. आणि सुलतानपूरला जायचं ते जेवायलाच.

परवा आमच्या गावच्या कॉलेजने नव्या उद्योजकांना चार गोष्टी सांगायला ऋतुजाला बोलावलं. तिने हाच किस्सा सांगितला. पोरं पोट धरून हसली. मी पहिल्या रांगेत, अभिमानाने फुगलेलो. कार्यक्रम संपल्यावर मी दारात वही घेऊन उभा राहिलो आणि प्रत्येकाला विचारलं, "कसं झालं मॅडमचं भाषण?"

बत्तीस पोरं, बत्तीस जणांनी सांगितलं, "एक नंबर, सर!"

शंभर टक्के! मी पळत जाऊन ऋतुजाला वही दाखवली. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "बाबा, यातले तुमचे जुने विद्यार्थी किती?"

मी मोजले. बत्तीस.