नेच्याची अंघोळ

विद्यानगरच्या आमच्या घराला उत्तरेकडे एक बोळ आहे, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला. तिथे मे महिन्यातही ऊन पोचत नाही. मी ती जागा स्कूटरसाठी मागितली होती. बायकोने ती नेच्याला, म्हणजे तिच्या फर्नला दिली.

नेचा एकच. सासऱ्यांनी कोकणातल्या त्यांच्या विहिरीच्या कठड्यावरून काढून दिलेला, ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. हैदराबादच्या कोरड्या हवेत तो जगला तो केवळ हिच्या लाडामुळे. मुळाशी कुजलेला पाला, विटेचे तुकडे, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाण्याचा शिडकावा. माझ्या तब्येतीची एवढी चौकशी झाल्याचं मला आठवत नाही.

लेक लग्न होऊन पुण्याला गेली. तिला आजोबांच्या झाडाचं रोप हवं होतं. पण गड्डा फोडायचा हिला धीर होईना. दोन्ही तुकडे मेले तर?

जूनमध्ये ही लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, "पाणी तेवढं घाला. बाकी काही करू नका हं."

बाकी काही करणं हाच तर माझा स्वभाव. चौथ्या दिवशी मी एक पान उलटून पाहिलं. खाली तपकिरी ठिपके, अगदी ओळीने. कीड! जुना टूथब्रश आणि बादलीभर पाणी घेऊन मी पाटावर बसलो आणि एकेक पान घासायला घेतलं. शेजारी भिंतीवरून डोकावले.

"क्या साब, झाड के बी दाँतां मांज रैं?"

मी त्यांना कीडनियंत्रणावर दहा मिनिटं ऐकवलं.

संध्याकाळी फोनवर हिला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"अहो, ती कीड नव्हती. ते त्याचं बी. पिकायची वाट बघत होते मी, पोरीसाठी पेरायला." मग हळूच, "सगळं घासलंत?"

"एक पान सोडलं नाही," मी म्हणालो. बढाई मारायची सवय अशी पटकन सुटत नाही.

ही परत आली तोवर घासलेली पानं माना टाकून लोंबत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "राहू दे," एवढंच म्हणाली, आणि कात्रीने एकेक पान कापत बसली. पुढच्या वर्षी ठिपके येतील की नाही, हे मी विचारलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत बोळाची भिंत माझ्या वाट्याला आली. मी पानं घासली तेव्हाचं पाणी जिथून मोरीकडे वाहिलं होतं, तिथे खालच्या विटांवर हिरवं चढलं होतं. शेवाळ म्हणून तारेचा ब्रश घेऊन वाकलो, आणि तसाच थांबलो. विटांच्या सांध्यांतून नखाएवढी पानं डोकावत होती. एकाची तर मूठ अजून मिटलेलीच.

"अगं, इकडे ये!"

ती आली, उकिडवी बसली, बराच वेळ बघत राहिली. मग आधी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. नंतर लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ गं, बाबांनी पेरलंय."

संक्रांतीला लेक आली आणि श्रीखंडाच्या डब्यातून एक रोप घेऊन गेली. ब्रश मला अजून परत मिळालेला नाही.